गोंदियापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत : कर्करोगावरील रोबोटिक शस्त्रक्रियेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. पुढील वर्षी, ११ जुलै २००० रोजी, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘दा व्हिंची’ या शस्त्रक्रिया-यंत्रणेस उदरातील शस्त्रक्रियांसाठी मान्यता दिली. या तीन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तथापि गोंदिया जिल्ह्यातील कर्करुग्णाच्या दृष्टीने गेल्या पाव शतकाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्या एकत्र वाचाव्या लागतात.

रोबोटिक शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा यंत्रांच्या पिढ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो अंतराचा इतिहास म्हणून पाहिला आहे. या यंत्रामागील मूळ कल्पना शल्यविशारद आणि रुग्ण यांच्यातील भौगोलिक अंतर मिटविण्याची होती. प्रत्यक्षात यंत्राने मिटविले ते शल्यविशारदाचा हात आणि शरीराच्या खोल भागातील गाठ यांमधील काही इंचांचे अंतर. ही सिद्धी लहान नाही. परंतु सालेकसा वा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील रुग्णाचे प्राण ज्या अंतरावर अवलंबून असतात ते अंतर वेगळे आहे, आणि या दोहोंची गल्लत झाल्यास आरोग्यविषयक अग्रक्रमच चुकण्याचा धोका संभवतो.

संज्ञेविषयी थोडेसे

‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकामुळे जगभर पसरला. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ सक्तीचे श्रम असा आहे. मराठीत त्यास ‘वेठ’ हा नेमका शब्द आहे. आपल्याकडे मात्र ‘यंत्रमानव’ हा शब्द रूढ झाला आणि त्याबरोबर एक गैरसमजही रूढ झाला. शस्त्रक्रियागृहातील यंत्रास मानवी आकृती नसते आणि ते स्वतःहून काहीही करीत नाही. शल्यविशारद काही फुटांवरील आसनावर बसून भिंगात पाहत बोटे हलवितो. रुग्णावर झुकलेले यंत्राचे तीन-चार बाहू त्या हालचालींचे अनुकरण करतात. वेठीस धरलेला हा नोकर आहे. म्हणून ‘यंत्रमानवाने शस्त्रक्रिया केली’ असे वृत्तपत्रीय मथळे वाचले की चापेक यांचा मूळ शब्दच अधिक प्रामाणिक होता असे वाटते.

या नोकराचे गुण मात्र असामान्य आहेत. पोटावर घेतलेल्या साधारण सेंटिमीटरभराच्या छिद्रांतून आत गेलेली त्याची अवजारे मनगटाप्रमाणे सर्व दिशांना वळतात. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील सरळ दांड्यांना ते शक्य नसते. शल्यविशारदाचा हात तीन सेंटिमीटर हलला तर टोक एकच सेंटिमीटर हलेल अशी योजना करता येते. हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो. दृश्य त्रिमितीय आणि कित्येक पटींनी मोठे दिसते. उणीव सांगावयाची तर स्पर्शाची. दोन दशकांहून अधिक काळ वापरात असलेल्या बहुतेक यंत्रांत ऊती किती ताणली जात आहे हे हाताला जाणवत नव्हते, ते डोळ्यांनीच ओळखावे लागे. अलीकडच्या काही यंत्रांत ही जाणीव अंशतः आणण्याचे प्रयत्न झाले आहेत.

शस्त्राची मर्यादा आणि तिचा इतिहास

कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा आधुनिक इतिहास एका ठाम गृहीतावर उभा राहिला : जितके अधिक कापावे तितका रोग अधिक दूर जातो. अमेरिकेतील विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेतील लसीका ग्रंथी काढून टाकण्याची पद्धत रूढ केली. १८९४ साली त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले. व्हिएन्नातील अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी गर्भाशय व भोवतालच्या ऊतींचे व्यापक उच्छेदन केले. १९०४ साली बाल्टिमोर येथे ह्यू यंग यांनी कर्करोगग्रस्त पुरःस्थ ग्रंथी समूळ काढली. या तिन्ही शस्त्रक्रियांचे वंशज आजही शस्त्रक्रियागृहात आहेत, आणि रोबोटिक शस्त्रक्रियेतही मूळ आराखडा बव्हंशी त्यांचाच असतो.

हॉल्स्टेड यांची पद्धत सुमारे पाऊण शतक निर्वेध चालली. ती आवश्यक आहे काय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता असे नाही. परंतु त्याचे उत्तर देण्याचे साधन नव्हते. १९७१ पासून बर्नार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे यादृच्छिक गट पाडून तुलना केली, तेव्हा स्तनाच्या कर्करोगात एवढी विच्छेदक शस्त्रक्रिया करून आयुष्य वाढत नाही, हे निर्विवाद सिद्ध झाले. लक्षावधी स्त्रियांनी तोवर या शस्त्रक्रियेची किंमत मोजली होती. कोणत्याही शस्त्रक्रियेची योग्यता शल्यविशारदाच्या कौशल्यावरून वा उपकरणाच्या आधुनिकतेवरून ठरत नाही; ती समतुल्य रुग्णगटांच्या कित्येक वर्षांच्या तुलनेतून ठरते. रोबोटिक शस्त्रक्रियेकडे पाहताना हीच कसोटी हाती ठेवावी लागते.

पुरःस्थ ग्रंथीबाबत निर्णायक पाऊल पडले ते यंत्रामुळे नव्हे, तर शरीररचनेच्या अभ्यासामुळे. ओटीपोटाच्या तळाशी, मूत्राशयाखाली दडलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी काढताना अतोनात रक्तस्राव होई, आणि लैंगिक शक्ती जवळजवळ हमखास नष्ट होई. पॅट्रिक वॉल्श यांनी डच शरीररचनातज्ज्ञ पीटर डोंकर यांच्याबरोबर ग्रंथीलगतच्या नसांचा मार्ग शोधला आणि १९८२ साली त्या नसा राखून शस्त्रक्रिया केली. हे काम चिंचोळ्या जागेत, रक्ताने भरलेल्या खोल विवरात, मिलिमीटरांच्या हिशेबाने करावयाचे होते. रोबोला पुढे जे घर मिळाले ते याच विवरात.

रणांगणातून ओटीपोटाकडे

१९८५ साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे यिक सान क्वोह आणि सहकाऱ्यांनी ‘प्यूमा ५६०’ हा औद्योगिक यंत्रबाहू मेंदूतील ऊतीचा नमुना घेण्याच्या कामी वापरला. कारखान्यातील यंत्र रुग्णाच्या डोक्याजवळ आणण्याचा हा प्रसंग रोबोटिक शस्त्रक्रियेचा आरंभ मानला जातो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पुरःस्थ ग्रंथीसाठी ‘प्रोबॉट’ आणि अमेरिकेत खुब्याच्या सांध्यासाठी ‘रोबोडॉक’ ही यंत्रे त्यानंतरच्या काही वर्षांत आली. ही यंत्रे आधी आखून दिलेल्या मार्गाने काम करीत. ‘दा व्हिंची’ची कुळकथा वेगळी आहे.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या नासा संस्थेचे एम्स केंद्र आणि स्टॅनफर्ड संशोधन संस्था येथील संशोधक ‘दूर-उपस्थिती’ या कल्पनेवर काम करीत होते : माणूस एका ठिकाणी, त्याचे हात दुसऱ्या ठिकाणी. फिलिप ग्रीन यांनी तयार केलेला नमुना लष्करी शल्यविशारद रिचर्ड सटावा यांनी पाहिला आणि अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने त्यास पाठबळ दिले. रणांगणावर घायाळ झालेला सैनिक चिलखती गाडीत यंत्राच्या बाहूंखाली असेल आणि शल्यविशारद मागे सुरक्षित तळावर बसून रक्तस्राव थांबवील, असे ते चित्र होते. रणांगणासाठी ही योजना प्रत्यक्षात उतरली नाही. तंत्रज्ञान मात्र १९९५ साली स्थापन झालेल्या ‘इंट्युइटिव्ह सर्जिकल’ या कंपनीकडे गेले. १९९७ साली ब्रुसेल्स येथे याच्या पूर्वरूपाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली.

दूरस्थतेचे मूळ स्वप्न एकदा पूर्णही झाले. ७ सप्टेंबर २००१ रोजी जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील रुग्ण स्त्रीचे पित्ताशय ‘झ्यूस’ या यंत्राने काढले. अटलांटिक ओलांडून शस्त्रक्रिया झाली, जगभर वार्ता गेली, आणि दीर्घकाळ तो प्रयोग एक विक्रम म्हणूनच राहिला. समर्पित तंतुवाहिनीचा खर्च, हालचाल आणि दृश्य यांतील विलंब, आणि दुसऱ्या टोकास कोणी तयार शल्यविशारद नसेल तर काय, हे प्रश्न सुटलेले नव्हते. व्यवहारात शल्यविशारद आणि रुग्ण एकाच खोलीत राहिले.

कंपनीला प्रारंभी हृदयशस्त्रक्रियेत यश अपेक्षित होते. ते मिळाले पुरःस्थ ग्रंथीत. मे २००० मध्ये फ्रँकफुर्ट येथे योखेन बिंडर यांनी रोबोच्या साहाय्याने पहिली समूळ पुरःस्थ-उच्छेदनाची शस्त्रक्रिया केली. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात भारतीय वंशाचे मणी मेनन यांनी, उद्योजक वट्टिकुटी कुटुंबाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत, ती रोजच्या कामाची पद्धत केली. त्यानंतर अमेरिकेत जे झाले त्यास वैद्यकीय कारणांइतकीच रुग्णालयांची स्पर्धाही कारणीभूत होती, असे म्हणावे लागते. दीर्घकालीन तुलनात्मक पुरावा येण्यापूर्वीच रोबोटिक पद्धत तेथे बहुसंख्य झाली होती.

भारतात २००२ साली दिल्लीच्या एस्कॉर्ट्स हृदयरोग संस्थेत हे यंत्र आले. मूत्ररोग-शस्त्रक्रियेत २००६ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने त्याचा आरंभ केला. मुंबईतील कोकिळाबेन अंबानी रुग्णालयात २०१२ मध्ये, आणि टाटा स्मारक रुग्णालयात २०१४ मध्ये ते दाखल झाले. टाटा रुग्णालयातील आगमनाचे महत्त्व निराळे, कारण विदर्भातील सामान्य रुग्णाच्या मनात कर्करोग आणि ‘टाटा’ हे दोन शब्द वेगळे नसतात.

विदर्भ आणि ‘टाटा’

मेहेरबाई टाटा यांचे रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली निधन झाले. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळ येथे उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तेथील विकृतिशास्त्र विभाग उभारला आणि तंबाखू व मुखकर्करोग यांच्या संबंधाचा भारतीय अभ्यास पायाशुद्ध केला. मुखकर्करोग हा या संस्थेचा पहिल्यापासूनचा विषय आहे, हे पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवे.

गोंदिया हे मुंबई-हावडा लोहमार्गावरील जंक्शन. नागपूर येथून सुमारे १३० किलोमीटर. मुंबई साडेनऊशे किलोमीटरहून अधिक. गोंदियाहून मुंबईस जाणारी विदर्भ एक्सप्रेस ही येथील कर्करुग्णांच्या कुटुंबांना परिचित असलेली गाडी आहे. मुंबईत उतरल्यावर राहावयाचे कोठे, हा प्रश्न उपचारांहून आधी उभा राहतो. दादर येथील गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेने अशा असंख्य रुग्णांना आसरा दिला. शेंडगावच्या, म्हणजे आपल्याच वऱ्हाडच्या, या संताने धर्मशाळांसाठी आयुष्य वेचले ते रुग्णाच्या मुक्कामाचे दुःख ओळखूनच, असे मानण्यास जागा आहे. वैद्यकशास्त्राच्या इतिहासात धर्मशाळांना स्थान मिळत नाही. ते मिळावयास हवे.

नागपुरात कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय झाले ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाने. ‘ग्रामगीते’त ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय लिहिणाऱ्या या संताचे देहावसान ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगानेच झाले. कॅन्सर रिलीफ सोसायटीने चालविलेल्या या प्रादेशिक रुग्णालयाने पूर्व विदर्भातील रुग्णाचा प्रवास साडेनऊशे किलोमीटरवरून एकशे तीसवर आणला. जामठा येथील ४७० खाटांच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे औपचारिक उद्घाटन २७ एप्रिल २०२३ रोजी झाले. गोंदियात २०१६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय त्याच्याशी जोडले गेले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्व जिल्ह्यांत लागू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. या योजनेने शस्त्रक्रियेचा खर्च उचलला. गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत्याचे जेवण कुटुंबाकडेच राहिले.

गोंदियाचा कर्करोग कोणता?

येथे रोबोच्या गुणवर्णनाची गाठ जिल्ह्याच्या वास्तवाशी पडते. धान, तेंदूपत्ता आणि विडी यांवर पोसलेला हा प्रदेश आहे. विडीचे जोडीला खर्रा आला. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेले हे मिश्रण पूर्व विदर्भात पाहुणचाराचाही भाग झाले आहे. राज्य शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तरी पानठेल्यावर समोरच घोटल्या जाणाऱ्या खर्र्याची सवय त्यामुळे मोडली नाही. प्रथम तिखट सोसेनासे होते, मग तोंड पुरेसे उघडेनासे होते, आणि पुढे गालाच्या आतील बाजूस वा हिरडीलगत न भरणारी जखम होते. पुरुषांत मुखाचा, आणि स्त्रियांत स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग, हे आपल्या ग्रामीण भागाचे स्थूल चित्र होय.

गाल आणि हिरडीचा कर्करोग ओटीपोटाच्या विवरात दडलेला नसतो. तो समोर असतो. बॅटरीच्या प्रकाशात, तोंड उघडून, नुसत्या डोळ्यांना दिसतो. शल्यविशारदाचा हात तेथे सरळ पोहोचतो. मुखमार्गे रोबोटिक शस्त्रक्रियेस अमेरिकेत २००९ साली मान्यता मिळाली ती मुख्यतः घशाच्या मागील भागातील, जिभेच्या मुळाशी असलेल्या लहान गाठींसाठी. पाश्चात्त्य देशांत विषाणुजन्य अशा गाठींचे प्रमाण वाढत असल्याने तेथे तिचे महत्त्व आहे. खर्रा खाणाऱ्याच्या गालातील कर्करोगासाठी या यंत्राचे प्रयोजन मर्यादित आहे.

या रुग्णासाठी गेल्या दोन दशकांतील सर्वांत मोलाची शस्त्रक्रियाविषयक भर कोणती, असे विचारल्यास उत्तर परळलाच मिळते, आणि त्यात कोणतेही नवे यंत्र नाही. तोंडातील गाठ प्राथमिक अवस्थेत असून मानेतील ग्रंथी हाताला लागत नसतील, तर त्या ग्रंथी गाठीबरोबरच काढाव्यात की पुढे वाढल्या तरच काढाव्यात, यावर शल्यविशारदांत अर्धशतक मतभेद होते. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ पासून यादृच्छिक चाचणी घेतली. २०१५ साली ५०० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभीच ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के, तर वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एकाचा जीव वाचला. त्यास लागले ते नेहमीचे शस्त्र, प्रशिक्षित हात आणि दहा वर्षे चिकाटीने केलेली नोंद. या निष्कर्षाने जगभरची पद्धत बदलली. तरीही त्याचा गवगवा एका रोबोच्या उद्घाटनाइतकाही झाला नाही.

गर्भाशयमुख : एक सावध करणारे प्रकरण

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत कथा अधिक गुंतागुंतीची, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने जवळची आहे. पुण्याचे डॉ. शैलेश पुणतांबेकर यांनी दुर्बिणीद्वारे गर्भाशयाच्या समूळ उच्छेदनाची पद्धत विकसित केली. २४८ रुग्णांचा त्यांचा अनुभव २००७ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ‘पुणे पद्धती’ या नावाने प्रसिद्ध झाला. वेर्टहाइम यांची शस्त्रक्रिया इतक्या कमी रक्तस्रावात होऊ शकते, हे कौशल्याचे उच्च शिखर होते. जगभर अशा पद्धती, आणि पाठोपाठ रोबो, सर्रास वापरात आल्या. छिद्रे लहान, वेदना कमी, घरी जाणे लवकर. मग रोगावरील परिणाम निदान समान तरी असणारच, असे सर्वांनी गृहीत धरले.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ह्यूस्टनच्या पेद्रो रामिरेझ आणि सहकाऱ्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ६३१ स्त्रियांपैकी निम्म्यांवर पोट उघडून आणि निम्म्यांवर दुर्बिणीने वा रोबोने शस्त्रक्रिया झाली होती. साडेचार वर्षांनी रोगमुक्त असण्याचे प्रमाण पहिल्या गटात ९६.५ टक्के, तर दुसऱ्या गटात ८६ टक्के आढळले. मृत्यूंतही फरक होता. गर्भाशय हाताळण्यासाठी वापरले जाणारे उपकरण, पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड वायू, गाठ उघडी पडण्याची पद्धत, अशी अनेक कारणे सुचविली गेली. एकही निर्विवाद ठरले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कर्करोग प्रतिबंधासाठी वा उपचारासाठी रोबो वापरताना सावधगिरीची सूचना दिली. न्यायाने हेही नोंदविले पाहिजे की, या चाचणीतील दुसऱ्या गटात रोबोचा वाटा सुमारे सहाव्या भागाचाच होता. म्हणून केवळ रोबो आणि खुली पद्धत यांची तुलना करणाऱ्या चाचण्या नंतर हाती घेतल्या गेल्या. परंतु हॉल्स्टेडच्या काळी ‘अधिक कापणे म्हणजे अधिक चांगले’ हे गृहीत होते, तसे आपल्या काळी ‘लहान छिद्र म्हणजे अधिक चांगले’ हे गृहीत झाले होते, एवढे या प्रकरणाने दाखविले.

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या उस्मानाबादच्या प्रयोगाकडे वळू. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे, खेड्यांच्या ५२ समूहांत, चार गट केले. २००९ साली निष्कर्ष आले : आयुष्यात एकदाच विषाणूची तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. गोंदियासारख्याच, बव्हंशी शेतीवर जगणाऱ्या महाराष्ट्रातील एका जिल्ह्यात हे घडले. त्यासाठी परिचारिका, नमुना घेण्याचे साधन, प्रयोगशाळा आणि दोष आढळलेल्या स्त्रीस पुन्हा बोलावून उपचार करण्याची शिस्त लागली.

दोन दिवस आणि सहा आठवडे

याचा अर्थ रोबो निरुपयोगी आहे असा नव्हे, आणि तसा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ब्रिस्बेन येथील चाचणीत पुरःस्थ ग्रंथीच्या खुल्या व रोबोटिक शस्त्रक्रियांची तुलना २०१६ साली प्रसिद्ध झाली. मूत्रनियंत्रण आणि लैंगिक क्षमता यांत १२ आठवड्यांनी लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु रोबोच्या गटात रक्तस्राव कमी झाला आणि रुग्णालयातील मुक्काम सरासरी पावणेदोन दिवसांनी घटला. गुदाशयाच्या कर्करोगातील २०१७ च्या चाचणीत, दुर्बिणीची शस्त्रक्रिया अर्ध्यावर सोडून पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोमुळे १२.२ वरून ८.१ टक्क्यांवर आले, पण हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. चिंचोळ्या ओटीपोटातील काम, मूत्रपिंडाचा केवळ रोगट भाग काढणे, आणि शल्यविशारदाच्या मान-पाठीवरील ताण कमी होणे, हे लाभ शल्यविशारद मनापासून सांगतात. उत्तम शल्यविशारदाच्या हाती ते खरे आहेत.

तथापि पावणेदोन दिवसांची ही बचत गोंदियाच्या रुग्णाच्या हिशेबात मांडून पाहावी. मुखकर्करोगाचा रुग्ण बहुधा उशिरा पोहोचतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर त्यास किरणोपचार लागतात. ते आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे चालतात. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा, पण त्यासाठी दीड महिना नागपुरात वा मुंबईत राहावे लागते. धानाच्या रोवणीच्या वा कापणीच्या हंगामात हा दीड महिना आला तर अनेक जण उपचार अर्धवट सोडतात, हे विदर्भातील डॉक्टरांकडून वारंवार ऐकावयास मिळते. शस्त्रक्रिया रोबोने झाली की हाताने, यापेक्षा किरणोपचाराचे यंत्र किती दूर आहे, हा प्रश्न अशा घरासाठी मोठा ठरतो.

यंत्राच्या अर्थकारणाचाही येथे विचार हवा. त्याची किंमत कोट्यवधी रुपये. वार्षिक देखभाल वेगळी. आणि अवजारांच्या वापराची संख्या यंत्रच मोजते. ‘दा व्हिंची’ची अनेक अवजारे प्रदीर्घ काळ दहा वापरांनंतर बाद होत, मग ती सुस्थितीत का असेनात. त्यामुळे प्रत्येक शस्त्रक्रियेवर ठरावीक भार पडतो. भारतीय विमा नियामकाने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोबोटिक शस्त्रक्रियेस विम्याच्या कक्षेबाहेर ठेवता येणार नाही असे सांगितले, त्याचा लाभ विमा असलेल्या शहरी वर्गास झाला. हृदयशल्यविशारद डॉ. सुधीर श्रीवास्तव यांच्या गुरुग्राम येथील कंपनीने ‘मंत्रा’ ही भारतीय यंत्रणा तयार केली. ती २०२२ पासून रुग्णालयांत वापरात आली आणि एकाच कंपनीच्या मक्तेदारीस स्वस्त पर्याय निर्माण झाला. ही घडामोड स्वागतार्ह होय.

याच यंत्रणेने जानेवारी २०२५ मध्ये दूरस्थतेचे जुने स्वप्नही पुन्हा जागे केले. शल्यविशारद गुरुग्राममध्ये आणि रुग्ण २८६ किलोमीटरवरील जयपूरमध्ये असताना हृदयशस्त्रक्रिया झाल्या. गोंदिया ते नागपूर हे अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. तेव्हा नागपूरचा शल्यविशारद गोंदियातील रुग्णावर शस्त्रक्रिया करील, ही कल्पना आता केवळ कादंबरीतील राहिलेली नाही. परंतु जयपूरच्या टोकास जे होते ते पाहिले पाहिजे : सुसज्ज शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, यंत्र बिघडल्यास तत्काळ हातात शस्त्र घेऊ शकेल असा शल्यविशारद, रक्तपेढी, अतिदक्षता विभाग. कर्करोगासाठी यांत विकृतिशास्त्रज्ञ मिळवावा लागेल, कारण काढलेल्या गाठीच्या कडा रोगमुक्त आहेत काय हे तोच सांगतो, आणि त्याच्या अहवालावर किरणोपचार ठरतात. एवढी माणसे ज्या जिल्हा रुग्णालयात कायम उपलब्ध असतील तेथे तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या बहुतांश प्राथमिक कर्करोगांची शस्त्रक्रिया दूरचा शल्यविशारद नसतानाही, साध्या शस्त्राने होऊ शकेल. कुंवर तिलकसिंह रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयात पहिली काही पदे कोणती भरावयाची, पहिले मोठे उपकरण कोणते मागावयाचे, आणि पानठेल्यावर उभ्या असलेल्या माणसाचे तोंड बॅटरी लावून पाहावयाचे काम कोणाकडे द्यावयाचे, हे प्रश्न त्या क्रमाने आज जिल्ह्यापुढे आहेत.